खांद्यावरची बूम

मजीद आदल्या दिवशी पहाटे गळाची मासळी धरायला एकटाच समुद्रात गेला होता. तो रात्री घरी आला नाही. दुपारी आभाळ एकाएकी काळवंडून वाऱ्याची जोरदार झड आली होती. घटकाभरात ती निघूनही गेली, पण तेवढ्यात बाकीच्या होड्या जीव मुठीत घेऊन मांडवी बंदराच्या आत शिरल्या होत्या. मजीदची लहान डोण तेवढी आली नाही.

पंच्याऐंशी सालचा सप्टेंबर होता. पुढच्या महिन्यात मजीद मस्कतला कामाला जायचा होता. त्याचा बाप गफूर रात्रभर रत्नागिरीतल्या राजिवड्याच्या धक्क्यावर बसून होता. उजाडलं तशी मजीदची थोरली बहीण सुरय्या चार घरं पलीकडच्या आपल्या सासरहून आली आणि बापाच्या शेजारी उभी राहिली. चहाचा पेला तिच्या हातातच निवत चालला होता.

धक्क्यावर बाबूची लाँच सुरू झाली होती. आळीतले धडधाकट पुरुष तिच्यावर आणि आणखी दोन लाँचींवर चढले होते.

"चाचा, आम्ही मिऱ्यावरून काळबादेवीपर्यंत बघून येतो," बाबू म्हणाला. "कालचा वारा दक्षिणेकडचा होता. डोण उत्तरेलाच लागणार."

"वारा घटकाभर होता रे बाबू," गफूर म्हणाला. "पाणी रात्रभर दक्षिणेला, पूर्णगडाच्या बाजूला वाहतंय. मी हितंच बसून बघतोय. माझा पोर तिकडं गेलाय."

"ती बाजूपण बघू. आधी उत्तर बघून येतो."

"तोवर दुपार होईल."

तिन्ही लाँची एकाच बाजूने गेल्या तर शोध नीट होईल, असं बाबूला वाटत होतं. त्याने गफूरच्या पाठीवर हात ठेवला आणि तो लाँचीवर चढला. लाँची खाडीच्या तोंडातून बाहेर पडून उजवीकडे वळल्या आणि किल्ल्याच्या टोकाआड दिसेनाशा झाल्या.

मागे धक्क्यावर म्हातारे, बायका आणि गफूरची होडी उरली.

गफूरने आयुष्याची वीस-बावीस वर्षं मुंबईत एका शिडाच्या होड्यांच्या क्लबात काढली होती. होड्या धुवायच्या, रंगवायच्या, साहेब लोकांना बसवून फिरवून आणायचं हे त्याचं काम. नोकरी सोडताना क्लबाने एक जुनी, मोडकळीला आलेली होडी त्याला देऊन टाकली. ती दुरुस्त करून त्याने रत्नागिरीला आणली. आपल्याकडच्या होड्यांसारखी ती नव्हती. एक उंच डोलकाठी, तिकोनी शीड, आणि शिडाच्या खालच्या काठाला बांधलेला एक जाड लाकडी आडवा वासा. त्या वाशाला गफूर क्लबातल्यासारखा 'बूम' म्हणायचा. त्याचं पाहून सगळी आळीच म्हणू लागली.

शीड वर असलं की शीडच बूमला पेलून धरतं. पण शीड चढवताना आणि उतरवताना बूम मोकळी होते. म्हणून डोलकाठीच्या शेंड्यावरून एक दोरी येऊन बूमच्या मागच्या टोकाला बांधलेली असते, ती तिला तोलून धरते. गफूरच्या होडीची ती दोरी पावसाळ्यात उंदरांनी कुरतडून तोडली होती. नवी ओवायची तर ती शेंड्यावरच्या कप्पीतून न्यायला हवी, त्यासाठी डोलकाठी आडवी करायला हवी, आणि डोलकाठी आडवी करायला चार माणसं हवीत. चार माणसं आज लाँचीवर गेली होती.

गफूर उठला आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरून होडीत गेला. त्याने शिडावरची ताडपत्री काढली. मग बूमला हात लावून तो थांबला.

"अब्बा, काय करताय?" सुरय्याने वरून विचारलं.

"एकट्याला शीड चढत नाय. बूमचं सगळं वजन शिडाच्या कडेला लोंबतं. शिडाच्या कड्या डोलकाठीला अडकून बसतात." त्याने धक्क्यावर नजर फिरवली. तिथे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाला दमा होता, दुसऱ्याला धड दिसत नव्हतं. "कोणीतरी बूम धरायला हवं."

सुरय्याने पेला खाली ठेवला. शेजारणीला म्हणाली, "सासूबाईंना सांग, मी अब्बांबरोबर गेले." कोणी काही बोलायच्या आत ती होडीत उतरली.

बापाने तिला नको म्हटलं नाही. एवढ्यावरूनच तिला कळलं की त्याची आशा किती थोडी उरलीय.

"मागे उभी राहा. पाय फाकवून," तो म्हणाला. "टोक खांद्यावर घे. मी दोरी ओढीन तशी तू उठत जा. शीड भरलं की बूम आपोआप खांद्यावरून सुटेल. सुटली की खाली बस, नायतर डोक्यात बसेल."

तिने ओढणीची घडी करून खांद्यावर ठेवली आणि बूमचं टोक त्यावर घेतलं. वजन तिला वाटलं होतं त्याहून जास्त होतं. घागर डोक्यावर घेतली की ती अंगाच्या कलाने बसते. हे लाकूड होडीबरोबर डावी-उजवीकडे जायला बघत होतं आणि हाड चेपत होतं. गफूर डोलकाठीपाशी दोरी ओढू लागला. शिडाच्या कड्या करकरत वर जाऊ लागल्या. सुरय्या गुडघ्यातून उठत गेली. शेवटी तिने दोन्ही हातांनी बूम डोक्याच्या वर रेटली. शिडात वारा शिरला आणि खांद्यावरचं ओझं एकदम नाहीसं झालं. ती मटकन खाली बसली. बूम तिच्या डोक्यावरून सरकून बाजूला गेली.

ओहोटीच्या पाण्याने होडी खाडीच्या तोंडातून बाहेर काढली.

वारा वायव्येचा होता, पाठीवर घेऊन दक्षिणेला जायला सोयीचा. भाट्याचं सुरूचं बन डाव्या हाताला मागे पडलं. गफूरच्या हातात सुकाणू होतं. सुरय्या पुढे डोलकाठीला धरून उभी होती आणि पाण्यावर नजर फिरवत होती. लाटांवर उन्हाची तिरीप पडून प्रत्येक लाटेत काहीतरी काळं दिसायचं. दर वेळी ती वाकून बघायची. ते पाणीच असायचं.

"हाका मार," गफूर म्हणाला.

तिने हाका मारल्या. आधी नुसतं मजीद, मग घरातलं लाडाचं नाव. वारा मागून येत होता, हाक पुढे जात होती, पण परत काही येत नव्हतं. तिचा आवाज बसला तेव्हा गफूर हाका मारू लागला. बापाचा आवाज एवढा कातर होऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं. तिने मागे वळून बघितलं नाही.

एकदा पाण्यात वल्हं दिसलं. होडी जवळ नेली. ते मजीदचंच होतं. दांड्याला त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. सुरय्याने ते उचलून आत घेतलं.

गोळपच्या कातळकड्यांसमोर त्यांना डोण दिसली.

ती उपडी झाली होती. नुसता तळ वर दिसत होता आणि लाटा त्याच्यावरून जात होत्या. सगळं पाणी दक्षिणेला वाहत असताना ती एका जागी होती; तिच्याच नांगराची दोरी समुद्राच्या तळाशी कुठेतरी अडकली असावी. तळावर माणूस नव्हता. आजूबाजूलाही नव्हता.

"खाली असेल," गफूर म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "दोरीत अडकला असेल. शीड उतरवूया. बूम धर."

त्याने होडी वाऱ्याच्या तोंडावर वळवली. शीड फडफडू लागलं आणि बूम डावी-उजवीकडे आपटू लागली. सुरय्याने ती दोन्ही हातांनी पकडून खांद्यावर घेतली. घाईत ओढणीची घडी पायाशीच राहिली. गफूरने डोलकाठीची दोरी सोडली. शीड सळसळत खाली आलं, आणि सगळ्या बूमचं वजन एकदम तिच्यावर उतरलं. शीड वाऱ्याने पाण्यात जायला लागलं म्हणून गफूर ते गोळा करायला पुढून मागे आला.

त्याच वेळी होडीला बाजूने लाट बसली. तळाच्या फळ्या ओल्या होत्या. सुरय्याचा पाय सरकला. खांद्यावरचं लाकूड निसटताना तिने ते धरायचा प्रयत्न केला, पण हातात नुसती शिडाची कड आली. बूम गफूरच्या उजव्या खांद्यावर आणि छातीवर पडली. काहीतरी मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

तो ओरडला नाही. नुसता बसल्यासारखा खाली गेला आणि मग आडवा झाला.

"अब्बा."

त्याने डोळे उघडले. उजवा हात वेडावाकडा अंगाखाली गेला होता. तिने बूम उचलून बाजूला केली आणि त्याला हात लावायला गेली, तर त्याने डाव्या हाताने तिला दूर सारलं.

"आधी त्याला बघ," तो म्हणाला. बोलताना श्वास पुरत नव्हता. "डोणीखाली बघ."

होडी वाहत वाहत डोणीला जाऊन लागली. सुरय्याने डोणीची कड पकडली, पोटावर आडवी झाली आणि पाण्यात हात घातला. खांद्यापर्यंत घातला. डोणीखाली अंधारात तिची बोटं चाचपत होती. एका जागी हाताला काहीतरी मऊ, जड लागलं. ते तिने मुठीत धरलं आणि ओढलं. ते ताडपत्रीचं गोणतं होतं. ते सोडून तिने पुन्हा हात घातला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथून घातला. फळ्या होत्या, गळाची दोरी होती. माणूस नव्हता.

ती तशीच कडेला डोकं टेकून पडून राहिली. भाऊ हातात लागला नाही याचं बरं वाटावं की वाईट, हे तिला कळेना.

"कॅन आहे का?" गफूरने खालून विचारलं.

"काय?"

"पाण्याचा कॅन. पांढरा. बसायच्या फळीला बांधलेला असतो."

तिने पुन्हा हात घातला. फळीला बांधलेल्या दोरीचं टोक लागलं. ते कापलेलं होतं.

"नाय. दोरी कापलीय."

गफूरने डोळे मिटले. मग म्हणाला, "त्यानं कापली. कॅन रिकामा करून पोटाशी धरला असेल. किनाऱ्याकडं पोहत निघाला. पण पाणी त्याला सरळ जाऊ देणार नाय. त्याला खाली दक्षिणेला नेईल, गणेशगुळ्याच्या खडकांकडं."

"अब्बा, तुम्हाला दवाखान्यात न्यायला हवं."

"रत्नागिरी वाऱ्याच्या तोंडावर आहे. तुझ्यानं शीड फिरवत फिरवत तिथं जाणं व्हायचं नाय. रात्र होईल." तो थांबला. "पूर्णगड वाऱ्याबरोबर आहे. मलापण तिथंच ने. वाटेत तो दिसतो का बघ."

तिला ते पटलं. पण पुढचं तिच्या आधी त्याच्या लक्षात आलं होतं. शीड चढवायला दोन माणसं लागतात.

"मी बूम धरतो," गफूर म्हणाला.

"कशी धरणार?"

"मला उठवून बसव."

तिने त्याला मागून काखेत हात घालून उठवलं. त्याच्या घशातून घरघर आली. तो गुडघ्यांवर आला, डावा हात फळीवर टेकला आणि पाठ वाकवली, ओणवा झाला. सुरय्याने बूमचं टोक त्याच्या डाव्या खांद्यावर, मानेच्या मुळाशी ठेवलं. पायाशी पडलेली ओढणी उचलून मध्ये सरकवली. मग ती डोलकाठीपाशी गेली आणि दोरी ओढू लागली.

अर्ध्यापर्यंत शीड चढलं आणि कड्या अडकल्या. तिने सगळं अंग टाकून दोरी ओढली. दोरी तिचे तळहात कापत होती. शीड हललं नाही. बूमचं टोक अजून हातभर वर यायला हवं होतं. ते बापाने उचलायला हवं होतं. हे त्याला सांगायला तिची जीभ वळेना.

"अडकलं?" त्याने खाली मान घालूनच विचारलं.

"हो."

"सांग ना मग."

"अब्बा, थोडं वर घ्या."

त्याने डावा हात फळीवरून काढून गुडघ्यावर रोवला आणि तो उठला. पाठ सरळ होत गेली तसा त्याच्या तोंडून एक लांबलचक आवाज निघाला. तो आवाज ऐकत तिने दोरी ओढली. कड्या सुटल्या. शीड चढलं. वाऱ्याने बूम उचलून घेतली आणि गफूर जसा होता तसा तोंडावर पडला. ती जाऊन त्याला उताणा करेपर्यंत त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात रक्ताची रेघ आली होती.

आता सुकाणू सुरय्याच्या हातात होतं. लहानपणी ईदच्या दुपारी बाप तिला या होडीत बसवून खाडीत फिरवायचा आणि मौजेने सुकाणू धरायला द्यायचा. समुद्रात तिने ते कधी धरलं नव्हतं. गफूर तिच्या पायाशी पडून शिडाकडे बघत होता. "बाहेर घे," "आता सोड," एवढंच तो मधून मधून बोलत होता. मग तेही कमी झालं. तो बोलेना की ती पायाने त्याच्या पायाला हलवून बघायची. तो पाय हलवायचा.

तिने हाका मारणं बंद केलं होतं. आवाज उरला नव्हता आणि आता कोणाला हाक मारायची तेही कळत नव्हतं. मजीद मेला असेल तर त्याच्यापायी ती बापालाही मारतेय, असं तिच्या मनात येत होतं. आपला पाय सरकला नसता तर, असंही येत होतं. ती मोठ्याने दुवा म्हणू लागली. शब्द अर्ध्यात विसरायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

गणेशगुळ्याच्या टोकापासून थोडे आत समुद्रात काही खडक आहेत. ओहोटीला ते उघडे पडतात, भरतीला बुडतात. ओहोटी संपून पाणी चढायला लागलं होतं. सगळ्यात बाहेरच्या खडकावर तिला पांढरं काहीतरी दिसलं. तिला तो बगळा वाटला. मग ते हललं. तो कॅन होता, आणि कॅन हातात धरून कोणीतरी हलवत होतं.

"अब्बा, आहे. तो आहे. बसलाय."

गफूरने मान उचलायचा प्रयत्न केला, पण उचलता आली नाही. "जवळ जाऊ नको," तो म्हणाला. "खडकावर फुटेल होडी. वाऱ्याच्या बाजूला, लांब, नांगर टाक. मग दोरी सोडत सोडत मागं जा."

"शीड?"

"उतरवावं लागेल."

शीड उतरवताना बूम पडणार होती, आणि तिचं टोक मागच्या फळीच्या आत, नेमकं गफूर पडला होता तिथे येणार होतं. तिने त्याला पुढे सरकवायचा प्रयत्न केला. दोन वितीही तो सरकला नाही. वेदनेने त्याचे डोळे फिरले आणि तिला थांबावं लागलं. खडकावर लाट फुटली. मजीद उभा राहिला, पुन्हा बसला. पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आलं होतं.

एक हात दोरीला आणि एक हात बूमला, असं करता येणार नव्हतं. होडीत तिसरं माणूस नव्हतं. तिने इकडेतिकडे बघितलं. परसात कपड्यांची दोरी ओल्या कपड्यांनी खाली आली की बायका तिला बेचक्याची काठी लावतात. तिच्याजवळ बेचकं नव्हतं, पण वल्ही होती. दोन होडीची आणि एक मजीदचं. तिने सारख्या लांबीची दोन वल्ही घेतली, वरच्या टोकाशी कैचीसारखी एकमेकांवर ठेवली आणि ओढणीने आवळून बांधली. खालची टोकं होडीच्या दोन्ही अंगांना रोवली. कैचीचं बेचकं बूमच्या खाली आलं.

"अब्बा, पाय पसरा. या वल्ह्याला पाय लावून धरा. सरकू देऊ नका."

त्याने न बोलता पाय लावला.

तिने होडी वाऱ्यावर वळवली, धावत पुढे गेली, नांगर टाकला आणि डोलकाठीची दोरी सोडली. शीड खाली आलं. बूम कैचीत बसली, कुरकुरली, थांबली. मग लाटेने होडी कलली आणि एका बाजूचं वल्हं सरकू लागलं. गफूर पायाने ते रेटत होता. तरी ते सरकत होतं. बूम हळूहळू खाली येत होती. सुरय्या बापावर जाऊन ओणवी झाली. लाकूड तिच्या पाठीवर टेकलं आणि थांबलं. ती तशीच काही वेळ राहिली, बापाचं तोंड तिच्या तोंडाखाली. मग तिने पाठीनेच बूम उचलून बाजूच्या कडेवर ढकलली. शीड पाण्यात गेलं. जाऊ दे म्हणाली.

नांगराची दोरी सोडत तिने होडी खडकाच्या दिशेने मागे जाऊ दिली. दोरी संपली तरी मध्ये अंतर होतं.

"मजीद, उडी टाक."

"आपा, माझ्यात जोर नाय." त्याचा आवाज लहान मुलासारखा आला.

"अब्बा पडलेत होडीत. त्यांना लागलंय. मला एकटीला जमत नाय. उडी टाक."

तो उभा राहिला. मग कॅन पोटाशी धरून पाण्यात शिरला. लाटेने त्याला आधी खडकावरच परत नेलं. दुसऱ्या खेपेला तो सुटला. तिने मजीदचं वल्हं पुढे केलं. त्याने ते पकडलं. तिने त्याला कडेपर्यंत ओढलं, शर्टाची कॉलर धरली, दंड धरला, शेवटी केस धरले आणि आत घेतलं. त्याचे तळहात आणि पाय शिंपल्यांनी चिरून गेले होते. तो बापाशेजारी पडून ओकत राहिला. गफूरने डावा हात सरकवत सरकवत त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवला.

नांगर ओढायची ताकद कोणातच नव्हती. सुरय्याने होडीतल्या सुरीने दोरी कापली. होडी लगेच खडकांकडे वाहू लागली.

"ऊठ," ती मजीदला म्हणाली. "बूम धर."

"आपा, थांब जरा."

"थांबायला जागा नाय."

तो उठला. चिरलेल्या हातांनी त्याने बूम उचलली आणि पाठीवर घेतली. पाण्याने भिजलेलं शीड दगडासारखं जड झालं होतं. ती दोरी ओढत होती आणि मोठमोठ्याने आकडे म्हणत होती, एक, दोन, पुन्हा एक, दोन, म्हणजे मजीदने त्याच वेळी उचलावं. खडक इतके जवळ आले की लाट फुटल्याचे शिंतोडे तिच्या तोंडावर उडत होते. शीड पुरतं चढलंच नाही. डोलकाठीच्या वरच्या टोकापासून चांगलं चार हात खालीच अडकलं. पण तेवढ्यात वारा भरला. होडी कलली, कुरकुरली, आणि खडकाच्या अंगाला घासून पुढे निघाली.

पूर्णगडाच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. जाणता तांडेलसुद्धा तिथे शीड उतरवून, वल्ह्यांनी जपून आत जातो. मजीद फळीवर आडवा झाला होता. त्याने हात हलवून सांगितलं, आता मला जमणार नाय. सुरय्याने शीड उतरवलं नाही. तशीच होडी सरळ किनाऱ्यावर घातली. तळ वाळूत रुतला, होडी धडकन थांबली आणि कलंडली. बूम लाटांबरोबर पाण्यात आपटू लागली. ती मजीदला पायाने अडवून आणि बापाचं डोकं मांडीत धरून बसली आणि ओरडत राहिली.

किनाऱ्यावर जाळी सुकवणारी माणसं धावत पाण्यात आली. त्यांत शिवा नावाचा एक धिप्पाड माणूस होता. त्याने आणि आणखी तिघांनी बूम खांद्यावर घेतली, एकाने दोरी कापली, शीड उतरलं. गफूरला त्यांनी फळीवर घालून बाहेर काढलं. एका बाईने सुरय्याच्या अंगावर कोरडं लुगडं टाकलं. तिच्या हाताची मूठ सुकाणूच्या दांड्यावरून सुटेना. त्या बाईला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

गावातल्या एका जीपमधून तिघांना रत्नागिरीला नेलं. पावस गावाच्या चढावर गफूरची शुद्ध गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, तीन बरगड्या मोडल्या होत्या आणि एक फुप्फुसात घुसली होती. डॉक्टरांनी सुरय्याला बाजूला घेऊन सांगितलं, रात्र जाऊ दे, मग बोलू. ती दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिली. संध्याकाळी बाबू आला. लाँची काळबादेवीच्याही पुढे जाऊन आल्या होत्या. तो तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि हाताने तोंड पुसत राहिला.

"चाचांचं ऐकायला हवं होतं," तो म्हणाला.

"तुमचंही बरोबर होतं," सुरय्या म्हणाली. "कोणाला काय माहीत होतं."

गफूर वाचला. पण वाचणं सोपं गेलं नाही. बरेच दिवस ताप राहिला, दोनदा छातीतून पाणी काढावं लागलं, आणि एकदा तर डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. तो घरी आला तेव्हा दिवाळीचा थंडावा पडू लागला होता. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, तो पुढेही कधी गेला नाही. मजीदची मस्कतची तारीख निघून गेली. दुसरी यायला वर्ष लागलं. ते वर्षभर तोच बापाला रोज अंघोळ घालायचा.

होडी पूर्णगडालाच होती. तळाची फळी फुटली होती. ती कोणी आणायला जायचं, की तिथेच मोडायची, यावर आळीत बोलणं व्हायचं. गफूर त्यात पडायचा नाही. डोणीचं नाव निघालं की मजीद उठून बाहेर जायचा.

एकदा दुपारी सुरय्या बापाला भरवत होती. त्याला डाव्या हाताने जेवता यायचं, पण दमायचा.

"तू माझ्यावर ओणवी झालीस तेव्हा," तो अचानक म्हणाला, "मी तुला ढकलायला बघत होतो. तुला कळलं नसेल."

"कळलं होतं," ती म्हणाली.

"मग?"

"तुमच्यात जोर नव्हता."

तो हसला, पण हसताना बरगडीत कळ आली म्हणून थांबला. तिने पुढचा घास केला आणि तो तोंड उघडेपर्यंत हात तसाच धरून बसली.